घाट न उतरता समुद्र

कराडात फोटोग्राफरला समुद्राची ऑर्डर येत नाही. येते ती फ्लेक्सची. गॉगल लावलेला तरुण हाताची घडी घालून तिरका बघत उभा राहतो, मी फोटो काढते आणि घरी येऊन त्याच्यामागची भिंत पुसून तिथे ढग, गड नाहीतर सिंह लावते. बारशी असतात, कॉलेजची गॅदरिंगं असतात, हार घातलेला नवा ट्रॅक्टर असतो, शर्यत जिंकलेला बैल असतो. सगळ्यांत चांगला उभा राहतो तो बैल. ज्या सकाळी काम नसेल त्या सकाळी मी कॅमेरा घेऊन कृष्णा-कोयनेच्या संगमावर जाते. तिथे नदी सुरय हा पक्षी पाण्यावर सूर मारतो. त्याची चोच पाण्याला टेकते तो क्षण मला अजून नीट मिळालेला नाही. फिजिक्सची पदवी घेऊन मी हे करते याबद्दल अब्बांचं म्हणणं एवढंच, की डिग्री कुठं वाया गेली, कॅमेऱ्यात भिंगच असतंय की.

दीपमाला कॉलेजात माझ्याबरोबर होती. ती वडूजजवळच्या एका गावातली. लग्नाच्या साड्या घ्यायला कराडला आली तेव्हा आम्ही संगमाच्या पायऱ्यांवर भेळ खात बसलो होतो.

"अरिबा, मला समुद्र पाहिजे," ती म्हणाली.

"कशाला?"

"फोटोत. पुढं मी आणि राजवर्धन, मागं समुद्र. लग्नात स्क्रीनवर लावायचे फोटो."

"मग चला की रत्नागिरीला. मी येते."

"तिथंच तर अडलंय."

अडलं होतं ते असं. राजवर्धन कराडजवळच्या एका बागायती गावातला, फौजेत होता. लग्न ठरलं, सुपारी फुटली, तेव्हा त्याच्या घरच्या मोठ्या आईंनी, म्हणजे थोरल्या चुलतीनं, एक अट सांगितली. सुपारी फुटल्यापासून हळद लागेपर्यंत मुलीनं घाट उतरायचा नाही. त्यांच्या घरची ती जुनी रीत. का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. दीपाला आई नव्हती, तिला आत्यानं वाढवलेलं. बनुआत्यानं भर बैठकीत शब्द दिला आणि विषय संपला.

"मग लग्नानंतर जा."

"लग्नानंतर पूजा, जेवणं, देवदर्शन. त्यात त्याची सुट्टी संपली. तो जाणार बर्फात." तिनं भेळेचा कागद चुरगाळला. "हसू नको, पण आमच्यात पाणी बघायचं म्हणजे खाली वाकून बघायचं. विहिरीत, हौदात, घागरीत. टँकर आला तरी त्याच्या नळीखाली बघायचं. मला एकदा मान ताठ ठेवून पाणी बघायचंय. पलीकडं काही नको. नुसतं पाणी."

मी हसले नाही. घरी येऊन नकाशा उघडला.

वडूजच्या बाजूला येरळा नदीवर एक मोठा तलाव आहे. थंडीत पक्षी येतात म्हणून मी तिथे जाऊन आले होते. बहुतेक वर्षं त्यात मधोमध डबकं उरतं, पण त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता आणि तलाव काठापर्यंत भरला होता. लांबीच्या बाजूनं बघितलं तर पलीकडचा काठ बारीक रेघेसारखा दिसतो. मी विचार केला, कॅमेरा पाण्याला जवळजवळ टेकवून धरला तर पृथ्वीच्या गोलाईमुळे ती रेघ किती बुडेल? कागदावर काढलं. वीतभर. पलीकडच्या बाभळी वीतभर बुडून माझं भागणार नव्हतं. लांबची जहाजं क्षितिजाखाली जातात, पण त्यासाठी आधी समुद्र लागतो. तलावाच्या मापाला पृथ्वी म्हणावी तेवढी गोल नाही.

राहिलं धुकं. आकाश निरभ्र, वारा पडलेला, हवा गार, आणि पाण्यात दिवसाची ऊब थोडी उरलेली, एवढं जुळलं की पहाटे तलावावर धुक्याचा थर बसतो. त्यात बाभळी जातात, डोंगर जातात, आणि पाणी कुठे संपतं ते कळेनासं होतं.

दीपाला फोन केला. "घाट न उतरता समुद्र चालेल का?"

"तळं आहे ते, अरिबा."

"तू फक्त पहाटे उठ."

राजवर्धन सुट्टीवर आला, हळदीला अजून थोडा अवकाश होता. मी स्कूटीवरून दीपाच्या घरी मुक्कामाला गेले. पहिल्या पहाटे तलावावर आम्ही पाच जण होतो. दीपा, राजवर्धन, दीपाचा भाऊ वीरधवल, मी आणि बनुआत्या. आत्या चहाची किटली आणि एक घोंगडी घेऊन आली होती. काठावर घोंगडी टाकून ती मधोमध बसली.

"हात धरला तर चालंल," तिनं मला सांगितलं. "खांद्यावर हात न्हाई. आनि तसलं एकमेकाच्या नाकाला नाक लावून तर अजाबात न्हाई."

"आत्या, फोटोसाठी असतं ते," वीरधवल म्हणाला.

"फोटोत नाक दिसाय पायजे का नको? मग लांबच बरं."

त्या दिवशी वारा होता. धुकं नाही. तलावापलीकडच्या डोंगरावर पवनचक्क्या ओळीनं फिरत होत्या, स्वच्छ दिसत होत्या. राजवर्धन कमी बोलणारा माणूस होता. बराच वेळ बघून तो म्हणाला, "मॅडम, परदेशात समुद्रात पण पवनचक्क्या असतात म्हणं." दीपानं त्याच्याकडे असं पाहिलं, की पुढचा चहा तो गप्प बसून प्याला.

दुसऱ्या पहाटे वारा पडला होता. गावातून निघताना गाडीच्या उजेडात रस्ता धुरकट दिसायला लागला तेव्हा मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. तलावावर पोचलो तर पलीकडचं सगळं गेलेलं. पाणी थोडं पुढे जात होतं आणि मग ते पाणी आहे का आकाश आहे ते ठरवता येत नव्हतं. काठ मुरमाचा, तांबूस. कॅमेऱ्यात तो हुबेहूब कोकणातल्या वाळूसारखा आला.

वीरधवल कमरेवर हात ठेवून उभा होता. "मॅडम, सगळं बराबर हाय, पन समुद्र मेलेला वाटतोय. लाट कुठाय?"

खरं होतं. पाणी आरशासारखं होतं.

"थांबा," तो म्हणाला आणि गेला. परत आला तो ट्रॅक्टर घेऊन. मागे रान सपाट करायची लोखंडी फळी लावलेली होती. ट्रॅक्टर त्यानं काठाच्या कडेला, माझ्या फ्रेमच्या बाहेर, उथळ पाण्यात मागे घेतला आणि लिफ्टनं फळी उचलून धप्पकन पाण्यात सोडली. खरोखरची लाट उठली, काठापर्यंत आली आणि दीपाच्या पायांवर फुटली. दीपा किंचाळली.

"लहान झाली का?" वीरधवल ओरडला.

"घाई करू नको!" मीही ओरडले. "एक लाट काठाला लागली की मग दुसरी सोड. झोपाळ्याला झोका देतो तसं."

"आवं मॅडम, मी रान सपाट करणारा मानूस, आज पयल्यांदा वाकडं कराय सांगताय!"

पण त्याला ते लगेच साधलं. धप्प, मग थांबणं, मग पुन्हा धप्प. लाटा एकामागून एक, फेसासकट यायला लागल्या. राजवर्धननं पँट दुमडली. दीपानं साडीचा काठ उचलून धरला. मी पोटावर पालथी पडून फोटो काढत होते, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून. आत्या घोंगडीवरून सूचना देत होती. "जावईबापू, हसा की जरा! बंदूक धरल्यागत का उभं ऱ्हायलाय?"

मग दीपा म्हणाली, "दादा, बंद कर जरा."

ट्रॅक्टर बंद झाला. लाटा हळूहळू मावळल्या. दीपा गुडघाभर पाण्यात गेली आणि पाठमोरी उभी राहिली, मान ताठ. तिच्यापुढे काहीच नव्हतं, पांढरं पाणी आणि पांढरी हवा. ती बराच वेळ तशीच उभी होती. कुणी तिला हाक मारली नाही. मी एक फोटो काढला आणि मग कॅमेरा खाली ठेवला.

परत येताना ती म्हणाली, "बस झालं, अरिबा. आता बर्फात जाऊ दे नाहीतर वाळवंटात."

इथेच हे संपलं असतं. पण राजवर्धननं त्यातले चार फोटो स्टेटसला ठेवले. खाली काही लिहिलं नव्हतं, फक्त लाटेचं चित्र टाकलं होतं.

मी कराडला परतले त्या दुपारी दीपाचा फोन आला. "अरिबा, मोठ्या आई म्हणतायत मी घाट उतरले."

राजवर्धनच्या गावात फोटो घरोघरी फिरले होते. कुणी म्हणालं गणपतीपुळं, कुणी म्हणालं गोवा, एकानं तर किनारा ओळखला, तिथे त्यानं म्हणे मासे खाल्ले होते. मोठ्या आईंनी राजवर्धनला विचारलं. तो म्हणाला, तलाव आहे. त्यांना वाटलं, फौजेतला पोरगा आत्तापासूनच बायकोची बाजू घ्यायला लागला. त्यांनी बनुआत्याला फोन लावला आणि एवढंच म्हणाल्या, "इहीनबाई, शब्द दिलावता तुमी."

लग्न मोडतील अशा त्या नव्हत्या. पण हळदीला त्या जाणार नाहीत, पहिली हळद त्यांच्या हातची लागणार नाही, हे त्यांनी घरात सांगून टाकलं. म्हणजे दीपा त्या घरात पाऊल ठेवणार ती खोटं बोललेली सून म्हणून. आणि तिला खोटं शिकवलं कुणी, तर आत्यानं.

दुसऱ्या दिवशी बनुआत्या पहिल्या एस.टी.नं कराडला उतरली, स्टँडवरून थेट माझ्या घरी. "उचल तुजा तो लापटाप," ती म्हणाली. "चल."

मोठ्या आईंचं नाव धोंडुबाई. स्लॅबचं मोठं घर, पुढे उसाची ट्रॉली उभी, सोफ्यावर टॉवेल अंथरलेले. त्यांनी आत्याला पाणी दिलं, मला पाणी दिलं, आणि समोर बसल्या. उंच, सडसडीत बाई. आवाज मुळीच चढवत नव्हत्या, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

मी लॅपटॉप उघडला. सगळे फोटो दाखवले, न निवडलेलेसुद्धा. एकात ट्रॅक्टरचं मागचं चाक आलं होतं. एकात वीरधवलचा हात. एकात आत्या घोंगडीवर बसून चहा ओतत होती.

"हे बघा मोठ्या आई, हा ट्रॅक्टर. समुद्रावर ट्रॅक्टर कुठून येईल?"

धोंडुबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "पोरी, आमच्या राजवर्धनचा वाढदिवसाचा बोर्ड तूच केलतास न्हवं? चौकात लावलेला?"

"हो."

"त्यात त्याच्या शेजारी सिंह उभा हाय."

"हो, पण तो..."

"आमच्या गावात सिंह हाय?"

"नाही," मी म्हणाले.

"सिंह आणलास तसा ट्रॅक्टर आणला असशील. तुजा दोष न्हाई, धंदा हाय तुजा. पन मला फोटो दावू नको."

माझ्याकडे पुरावा म्हणून होते ते फक्त फोटो, आणि फोटो बदलणं हाच माझा रोजचा उद्योग, हे चौकात सगळ्या गावानं पाहिलेलं. मी फोटोत नोंदलेली जागा आणि वेळ दाखवली. त्यांनी ते आकडे पाहिलेसुद्धा नाहीत. "अक्षरं तर सिंहाच्या खाली बी हुती," त्या म्हणाल्या.

बनुआत्याचे डोळे लाल झाले होते. ती उठली, पदर खोचला.

"इहीनबाई, मी आडानी हाय, पन शब्द मोडनारी न्हाई. तुमी या. उद्याच्याला पहाटं. आमच्या तळ्यावर उभं ऱ्हावा आनि बघा. न्हाई दिसला समुद्र तर हळदीला येऊ नका. मी बी येनार न्हाई मग."

धोंडुबाईंनी चष्मा काढला. "येते," त्या म्हणाल्या. "पन तळं आमी बघितलेलं हाय. तळं तळ्यागतच दिसतं."

रस्त्यावर आल्यावर मी आत्याला म्हणाले, "आत्या, धुकं रोज पडत नाही."

आत्या चालता चालता थांबली. "म्हंजे?"

मी वर बोट केलं. आकाशात ढग भरून आले होते. ढग म्हणजे जमिनीवर पांघरूण, जमीन निवत नाही, धुकं धरत नाही. हे मी तिला सांगितलं. तिनं ढगांकडे पाहिलं आणि त्यांना जे काही म्हणाली ते इथे लिहिता येणार नाही.

पहाटे नवऱ्याकडची मंडळी क्रूझर गाडी भरून आली. धोंडुबाई पुढे ड्रायव्हरशेजारी. मागे राजवर्धन, त्याचे आई-वडील, दोन चुलते, चुलत्या, आणि निकाल ऐकायला आलेले शेजारी. कुणीतरी भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. काठावर सगळे ओळीनं उभे राहिले आणि समोर पाहिलं.

ढग पहाटेपर्यंत थांबून नुकतेच विरले होते. पूर्व उजळत होती. आणि तलाव तलावासारखा होता. पलीकडे बाभळी, बाभळींच्या मागे डोंगर, डोंगरावर पवनचक्क्या.

"ह्यो समुद्र?" एक चुलता म्हणाला.

"गोड पान्याचा असंल," दुसरा म्हणाला, आणि शेंगा फोडायचा आवाज तेवढा येत राहिला.

दीपा पांढरी पडली होती. राजवर्धन तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला, अगदी जवळ, आणि आत्यानं ते पाहूनही काही म्हटलं नाही. धोंडुबाई वळल्या. रागावल्या नव्हत्या, उलट त्यांचा चेहरा जरा उतरला होता. त्यांना बहुतेक मनातून आत्याचं म्हणणं खरं ठरायला हवं होतं.

मी पवनचक्क्यांकडे पाहिलं. पाती थांबली होती. वारा पूर्ण पडला होता. वर एकही ढग नव्हता आणि गार इतकं होतं की माझी बोटं बटणावर बधिर झाली होती. पाण्याला लागून, घोट्याएवढ्या उंचीवर, पांढरा पातळ पदर तयार व्हायला लागला होता.

"मोठ्या आई, चहा होईपर्यंत थांबा," मी म्हणाले. "सूर्य वर येऊ द्या."

"सूर्य आला की धुकं जातंय, पोरी. एवढं मला बी कळतंय."

"आधी वाढतं, मग जातं."

हे खरं आहे, पण माणसांना खोटं वाटतं. पहिल्या उन्हानं हवा जराशी ढवळली जाते आणि खाली साचलेलं धुकं वर पसरतं. मी संगमावर सुरयाची वाट बघताना हे कितीदा अनुभवलंय. ऐन उजेड येतो आणि पक्षी दिसेनासा होतो. तेव्हा मी वैतागते. त्या सकाळी मी त्याच धुक्यासाठी दुआ मागत होते.

वीरधवलनं तीन दगड मांडून चूल पेटवली. आत्या चहाला बसली. तिचं लक्ष पाण्याकडे होतं, साखर पातेल्याबाहेर सांडली. धोंडुबाई एका दगडावर बसल्या. सूर्याची कड वर आली.

पाण्यावरचा पदर वर उठला. आधी तो गुडघ्याएवढा झाला, मग माणसाएवढा. पलीकडच्या बाभळी खालून विरघळायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "आरं, आरं, बघ." बाभळी गेल्या. डोंगर गेला. शेवटी पवनचक्क्यांची वरची पाती तेवढी हवेत लोंबकळत राहिली, आणि मग तीही एकेक करून गेली. ऊन धुक्यात शिरून सगळं पिवळसर झालं. पाणी आमच्या पायांपासून सुरू होत होतं आणि कुठेच संपत नव्हतं.

शेंगा फोडायचं थांबलं.

धोंडुबाई उठल्या. कुणाचाही हात न धरता पाण्यापर्यंत गेल्या. चपला काढल्या. घोटाभर पाण्यात उभ्या राहून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग वाकून ओंजळभर पाणी घेतलं, चूळ भरली आणि थुंकली.

"गोड हाय!" त्या मागे वळून सगळ्यांना म्हणाल्या. "आवं, गोड हाय! खारं न्हाई!"

त्यावरून काय सिद्ध होतं, याचा विचार माझ्या डोक्यात आलाच. पाणी गोड आहे एवढंच सिद्ध होतं, फोटो इथला आहे हे नाही. पण हे बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. मंडळी एकदम बोलायला लागली होती. ज्या माणसानं किनारा ओळखला होता तो म्हणत होता, की मला आधीच वाटलं होतं.

धोंडुबाईंनी दीपाला हाक मारली. "ये हिकडं." दीपा पाण्यात उतरली. त्यांनी ओल्या हातानं तिचा गाल धरला. "हळदीला पयला हात माजा. कुनाला लावू द्यायचा न्हाई. कळलं?" दीपानं मान हलवली. मग धोंडुबाईंनी वीरधवलकडे पाहिलं. "आनि तू रं, ट्रॅक्टरवाल्या? आमी काय कोरडंच जायाचं? लाट दाव की!"

वीरधवल पळाला. ट्रॅक्टर आला, फळी पडली, लाट उठली. पहिल्या लाटेला चुलत्या किंचाळत मागे सरकल्या, दुसऱ्या लाटेला पुढे गेल्या. एका चुलत्याचं धोतर भिजलं आणि त्याला हसणाऱ्या दुसऱ्याला त्यानं ओढून पाण्यात बसवलं. राजवर्धनची आई नवऱ्याला म्हणाली, "आवं, चला की जरा पुढं, सगळं आयुष्य काय काठावरच उभं ऱ्हायचं का?" आणि ते दोघं हातात हात घालून गेले. नाकाला नाक लावायची कुणालाच सवय नव्हती, पण आत्याचं लक्षही नव्हतं. ती चहा गाळत होती आणि ओलं नाक पदरानं पुसत होती.

"बनुबाई!" धोंडुबाई पाण्यातून ओरडल्या. "चा ऱ्हाऊ द्या! या हिकडं!"

"मला गार सोसत न्हाई!"

"शब्द देताना सोसलं, आनि आता पानी सोसंना व्हय?"

आत्या गेली. मोठी लाट आली तशी दोघी एकमेकींचे दंड धरून उड्या मारायला लागल्या. मी फोटो काढत होते, पालथी, आडवी, गुडघ्यांवर, जमेल तशी. आयुष्यात इतके पाय एकदम फोटोत घेतले नव्हते.

धुकं विरलं तेव्हा सगळे काठावर उन्हात बसून चहा पीत होते. कपडे चिखलानं माखलेले. धोंडुबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि कॅमेऱ्यातले फोटो एकेक करून बघायला लागल्या. त्यांच्या आणि आत्याच्या फोटोशी थांबल्या. मागे अथांग पाणी, पुढे दोघी हवेत, चारही पाय जमिनीवर नाहीत.

"ह्यो मोठा करून दे मला," त्या म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "माजी भन ममईला असती. सारकी म्हनती, तू काय समुद्र बघितलायस. तिला धाडायचा हाय. खाली झ्याक अक्षरात लिव, गणपतीपुळं."

"मोठ्या आई, पण हे गणपतीपुळे नाही."

"सिंह लावाय चालतोय, आनि नाव लावाय न्हाई?"

चहाचा पेला घेऊन आत्या मागेच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"गणपतीपुळं कशाला?" ती म्हणाली. "लिव की वडूज."

"इहीनबाई, वडूजला समुद्र हाय म्हटलं तर कोन खरं मानंल?"

"तुमी मानलावता की," आत्या म्हणाली. "परवाच्याला सगळ्या गावाला तुमीच सांगत हुता."

धोंडुबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्यांच्या हातातला पेला हिंदकळायला लागला. त्या हसत होत्या, आवाज न करता, सगळं अंग हलवत. हसता हसता त्यांनी आत्याचा हात ओढून तिला शेजारी खाली बसवलं आणि मला म्हणाल्या, "लिव बाई, वडूज. मोठ्या अक्षरात."